प्रतीक्षानगरची सहेरी

पहाटेचे साडेचार. शीव-कोळीवाड्याच्या पलीकडे प्रतीक्षानगरात, एका जुन्या संक्रमण शिबिराच्या दुसऱ्या मजल्यावर पहिला दिवा लागतो तो कोपऱ्यातल्या खोलीत. सहेरीला उठलेल्या खाला आधी गॅस पेटवत नाहीत, नळाखाली बादली लावतात. इथे पाणी पहाटेच येते आणि तासाभरात जाते. वर्षाचे अकरा महिने मजल्यावरच्या कुणा एकाला जाग येते आणि तो बाकीच्यांची दारे वाजवत जातो. रमजानच्या महिन्यात ही जबाबदारी न सांगता खालांकडे येते. ‘ताई, पाणी आलं,’ ही हाक व्हरांड्यात घुमते आणि समोरच्या खोलीतून ‘उठले, उठले, तुम्ही खाऊन घ्या’ असे उत्तर येते. ताई गिरगावच्या, खाला डोंगरीच्या. दोघींच्या जुन्या घरांमध्ये पायी वीस-पंचवीस मिनिटांचे अंतर होते, पण त्यांची ओळख झाली ती इथे. ती करून दिली सरकारी वाटपपत्राने.

प्रतीक्षानगर हे नाव कुणी आणि कोणत्या विचाराने ठेवले असेल, यावर शिबिरात अनेकदा विनोद होतो. मुंबईतली सर्वांत खरी पाटी असे रहिवासी त्याला म्हणतात. खाला 1998 च्या पावसाळ्यात इथे आल्या. डोंगरीतली त्यांची इमारत धोकादायक ठरली, घर रिकामे करण्याची नोटीस आली आणि ‘दोन-तीन वर्षांचा प्रश्न आहे’ असे सांगून टेम्पोत सामान भरले गेले. तेव्हा धाकटा मुलगा कडेवर होता. आता त्याचा मुलगा शाळेत जातो. खालांच्या खोलीत भिंतीवर काहीच टांगलेले नाही, घड्याळ नाही, तसबीर नाही, कॅलेंडरही नाही. जे आहे ते ट्रंकेवर, कपाटावर, खिडकीच्या कट्ट्यावर. कारण विचारले तर सांगतात, ‘जायचंच आहे म्हणून खिळा नाही ठोकला.’

इस्लामी धर्मशास्त्रात मुसाफिराला म्हणजे प्रवाशाला काही सवलती आहेत. प्रवासात रोजा पुढे ढकलता येतो, चार रकातींची नमाज दोन रकातींत आटोपता येते. मग प्रश्न येतो की प्रवासी कुणाला म्हणायचे? हनफी मतानुसार एखाद्या गावी पंधरा दिवस राहण्याचा इरादा केला की माणूस तिथला मुक्कामी होतो. पण ‘आज निघू, उद्या निघू’ म्हणता म्हणता कुणी वर्षानुवर्षे अडकून पडला, तर तो प्रवासीच राहतो. शाफई मतात ही ढील अठरा दिवसांतच संपते. खाला रत्नागिरीकडच्या कोकणी मुसलमान, म्हणजे शाफई. शिवाय डोंगरी ते प्रतीक्षानगर हे अंतर जेमतेम दहा किलोमीटर, आणि सवलतीला त्याहून कितीतरी मोठा प्रवास लागतो. तेव्हा खाला रीतसर मुक्कामी आहेत. सगळे रोजे, पूर्ण नमाज, तरावीहसुद्धा. मात्र ज्या कचेरीने या इमारतींना ‘संक्रमण’ हे नाव दिले, तिच्या दप्तरात त्या अजून प्रवासी आहेत. त्या अर्थाने सरकार हनफी म्हणावे लागेल.

हा प्रवास सुरू कुठून झाला ते समजून घ्यायला मुंबईच्या घरांचा थोडा इतिहास पाहावा लागतो. 1896 मध्ये मांडवी भागात प्लेग फुटला आणि शहर हादरले. 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाटीच्या वस्त्या पाडायच्या, हवा खेळेल असे रुंद रस्ते काढायचे आणि गरिबांसाठी चाळी बांधायच्या, हे त्याचे काम. डोंगरीतून जाणारा सँडहर्स्ट रोड हा त्याच मोहिमेतला. रस्ते झाले, चाळीही झाल्या. पण जेवढे लोक घराबाहेर पडले तेवढ्यांना घर मिळाले नाही, आणि उरलेले शेजारच्या गल्लीत जाऊन आणखी दाटीने राहिले. मुंबईतल्या सार्वजनिक घरबांधणीची ही पहिली ओळ. पुढच्या सव्वाशे वर्षांत ती अनेकदा पुन्हा गिरवली गेली.

मग 1920 मध्ये गव्हर्नर लॉर्ड लॉईड यांच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट आले. कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया जकात लावून कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधायची योजना होती. झाल्या सोळा हजारांच्या आसपास. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी या चार ठिकाणी 207 इमारती उभ्या राहिल्या. त्याच आपल्या बीडीडी चाळी. खोली 160 चौरस फुटांची, शौचालय मजल्याच्या टोकाला. सुरुवातीला तर काँक्रीटच्या त्या कोंदट खोल्यांत राहायला कामगार तयार नव्हते, कित्येक खोल्या रिकाम्या पडून होत्या. पुढे त्याच खोल्यांतून पिढ्या वाढल्या, गणपती बसले, जयंत्या निघाल्या, क्रिकेटचे संघ तयार झाले.

खालांच्या डोंगरीची गोष्ट थोडी वेगळी. तिथल्या इमारती सरकारी नव्हत्या, खासगी मालकांच्या होत्या. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी 1940 च्या पातळीवर गोठवली. भाडेकरूला त्या काळी मोठा आधार मिळाला यात शंका नाही. पण दहा-पंधरा रुपयांच्या भाड्यात मालक कशाला छपराची कौले बदलेल? घरे पागडीवर हातोहात गेली, भिंतींना पिंपळ फुटले, जिन्यांना टेकू लागले. इमारती कोसळू लागल्या तेव्हा सरकारने 1969 मध्ये कायदा केला आणि 1971 पासून इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचे काम सुरू झाले. भाडेकरूंकडून उपकर घ्यायचा, त्यात सरकारने भर घालायची आणि मंडळाने इमारती दुरुस्त करायच्या किंवा नव्याने बांधायच्या. शहर बेटावरच्या 19,642 इमारती या उपकरात आल्या. त्यांतल्या 16,502 तर सप्टेंबर 1940 च्या आधीच्या. 1977 मध्ये म्हाडा आली आणि हे मंडळ तिच्या छत्राखाली गेले. आजही तेरा हजारांवर उपकरप्राप्त इमारती उभ्या आहेत. दर पावसाळ्याआधी अतिधोकादायक इमारतींची यादी निघते. गेल्या वर्षी त्या यादीत 96 नावे होती.

यादीत नाव येणे आणि प्रत्यक्षात घर सोडणे यांच्यात काय असते, हे बाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही. ‘पडायला आलेल्या घरात लोक राहतात तरी का?’ असा प्रश्न प्रत्येक दुर्घटनेनंतर टीव्हीवर विचारला जातो. ऑगस्ट 2017 मध्ये भेंडीबाजारची हुसैनी इमारत कोसळली, तीसहून जास्त माणसे गेली. जुलै 2019 मध्ये डोंगरीत केसरबाई इमारतीचा भाग कोसळला, तेव्हाही हाच प्रश्न. उत्तर शिबिरात राहणाऱ्यांना विचारावे. घर सोडताना हातात एक कागद मिळतो. मूळ जागी इमारत पुन्हा बांधली गेली तर तो कागद म्हणजे घर. भूखंड अरुंद निघाला, त्यावर आरक्षण निघाले, रस्तारुंदी आडवी आली, मालक कोर्टात गेला, विकासक पळाला, तर तो कागद नुसता कागद. धोक्याच्या भिंतीपेक्षा त्या कागदाची भीती लोकांना जास्त वाटते, आणि ती अगदीच निराधार आहे असे म्हणता येत नाही.

ज्यांची इमारत मूळ जागी बांधता येत नाही अशांसाठी बृहतसूची नावाची एक यादी असते. पुनर्विकासात विकासकाकडून म्हाडाला जी जादा घरे मिळतात, ती या यादीतल्या पात्र भाडेकरूंना द्यायची. अलीकडे हे वाटप संगणकीय सोडतीने होऊ लागले आहे, ही निश्चितच चांगली गोष्ट. कायद्यातही बदल झाला. धोकादायक उपकरप्राप्त इमारतीच्या मालकाला पुनर्विकासाचा प्रस्ताव देण्यासाठी सहा महिने, त्याने काही केले नाही तर भाडेकरूंच्या संस्थेला सहा महिने, तरीही हालचाल नसेल तर म्हाडाने जागा संपादित करून स्वतः बांधायचे, अशी कलम 79-अ ची रचना आहे. पुनर्विकासात भाडेकरूला किमान 300 चौरस फुटांचे घर मिळायचे. हे सगळे खालांच्या कामाचे आहे. फक्त त्याआधी एक पायरी आहे, आणि ती चढताना गुडघे दुखतात. ती पायरी म्हणजे आपण आपणच आहोत हे सिद्ध करणे.

शिबिरातल्या रहिवाशांचे कागदोपत्री तीन वर्ग आहेत. ‘अ’ म्हणजे मूळ भाडेकरू किंवा त्याचे वारस. ‘ब’ म्हणजे मूळ भाडेकरूकडून कुलमुखत्यारपत्रावर गाळा विकत घेतलेले. ‘क’ म्हणजे कागद नसलेले, सरकारी भाषेत घुसखोर. मुंबईत असे संक्रमण गाळे वीस हजारांच्या आसपास आहेत, आणि कोण कोणत्या वर्गात बसतो याची सर्वेक्षणे वर्षानुवर्षे चालली आहेत. खालांच्या मजल्यावर तिन्ही वर्ग नांदतात. संध्याकाळी इफ्तारच्या आधी खालांची नातसून थाळ्या झाकून निघते, भजी, कापलेले टरबूज, दोन-दोन खजुरा, आणि वाटेत ‘क’ वर्गाचे दार आले म्हणून थांबत नाही. टोकाच्या खोलीतला तो माणूस उत्तर प्रदेशातला, भाजीची गाडी लावतो. रमजानात तो फळे आणून देतो आणि पैसे उद्या द्या म्हणतो. तो उद्या ईदनंतर येतो.

रमजान हा हिशेबाचाही महिना. साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदीएवढी पुंजी वर्षभर जवळ असेल तर त्यावर अडीच टक्के जकात निघते. या हिशेबात राहते घर धरले जात नाही. चाळीतली खोली असो की समुद्रकाठचा बंगला, ज्यात माणूस राहतो ते घर त्याची मूळ गरज मानली जाते. अन्न, वस्त्र आणि कारागिराची हत्यारे यांच्या रांगेत. ज्या गोष्टीवर कर लावायचा नाही इतकी ती मूलभूत, हा जुना नियम विचार करण्यासारखा आहे. खालांवर जकात निघत नाही. उलट दरवर्षी मोहल्ल्यातल्या जुन्या ओळखीचा कुणीतरी पाकीट घेऊन येतो. त्या ते घेत नाहीत. ‘माझं घर आहे डोंगरीत,’ म्हणतात. ज्या जागी ते घर होते तिथे आज पत्र्याचे कुंपण आहे.

तरीही तरावीहला खालांचा मुलगा डोंगरीतच जातो. मुंब्रा, मीरा रोड, मालवणी, गोवंडी, जिथे जिथे हा मोहल्ला विखुरला तिथून लोक रमजानच्या रात्री जुन्या मशिदीत परततात. मोहम्मद अली रोडची ती झगमग पाहायला सारी मुंबई येते, मालपुवा आणि नल्ली-निहारीचे फोटो काढते. त्या गर्दीतल्या कितीतरी माणसांची तिथे आता खोली नाही, पण नमाजच्या ओळीत आपली जागा कुठली हे त्यांना पक्के ठाऊक असते. गिरगावच्या ताईंचेही वेगळे नाही. गणपतीचे दहा दिवस त्या रोज बस बदलून आपल्या जुन्या वाडीत आरतीला जातात. वाडीत आता टॉवर आहे, गणपती पार्किंगमध्ये बसतो.

शिबिरांत गाळे पुरत नाहीत म्हणून अलीकडे वेगळा पर्याय पुढे आला आहे. गाळ्याऐवजी दरमहा रोख भाडे घ्या आणि तुमची सोय तुम्ही बघा. कागदावर हे सुटसुटीत दिसते. सरकारला इमारती सांभाळाव्या लागत नाहीत, माणसाला हवे तिथे राहता येते. पण ‘हवे तिथे’ हे शब्द दलालाच्या टेबलापर्यंतच टिकतात. फोनवर भाडे, डिपॉझिट, मजला सगळे ठरते, आणि मग तो विचारतो, ‘नाव काय म्हणालात?’ नाव ऐकून आवाज खाली येतो. मालक परदेशी आहे, सोसायटीची एनओसी मिळत नाही, घर कालच गेले. खालांच्या मुलाने एका उन्हाळ्यात अशी सात घरे ‘कालच गेलेली’ पाहिली. या शहरातल्या मुसलमान भाडेकरूला हे इतके सवयीचे आहे की तो चिडतही नाही, पुढचा नंबर फिरवतो. ताईंनाही दलालाने विचारले होते. नाव नाही, खाणे. ‘मच्छी-मटण बनवता का?’ गिरगावात जन्मलेल्या, बोंबलाच्या वासावर वाढलेल्या बाईंनी त्याला काय उत्तर दिले ते इथे छापण्यासारखे नाही.

सरकारी वाटपपत्राने हे दोन्ही प्रश्न विचारले नव्हते. गाळा क्रमांक अमुक, मजला तमुक, ताबा दिनांक इतका. म्हाडाच्या सोडतीतही उत्पन्नाची मर्यादा असते, मुंबई महानगरात सहा लाखांपर्यंत अत्यल्प, नऊ लाखांपर्यंत अल्प. राखीव प्रवर्ग असतात. अधिवासाचा दाखला लागतो. पण शेजारी कोण हे अर्जदाराला निवडता येत नाही, आणि शेजाऱ्याला अर्जदार नाकारता येत नाही. सार्वजनिक घरांबद्दल बोलताना आपण चौरस फूट मोजतो, किमती मोजतो. ही बाब कुणी मोजत नाही. पैशाने घेतलेल्या वस्त्या दिवसेंदिवस एकाच नावाच्या, एकाच स्वयंपाकाच्या होत चालल्या असताना, गरिबांना चिठ्ठीने मिळालेली ही खुराडी मात्र सरमिसळ राहिली. कुणाचा तो उद्देश नव्हता, कारकुनाने नुसते क्रमाने आकडे लिहिले.

सिंगापूरने हेच जाणूनबुजून केले. तिथले गृहनिर्माण मंडळ 1960 चे, आणि आज दहांपैकी साधारण आठ रहिवासी सरकारने बांधलेल्या घरांत राहतात. 1989 पासून प्रत्येक इमारतीत चिनी, मलय, भारतीय यांचे कमाल प्रमाण ठरलेले आहे. मलय मुसलमानांची लग्ने इमारतीच्या तळमजल्यावरच्या मोकळ्या जागेत लागतात आणि चिनी शेजाऱ्यांची अंत्ययात्रेची बैठकही तिथेच होते. या नियमाला दुसरी बाजूही आहे. मर्यादा भरली की अल्पसंख्य माणसाला आपले घर विकायला गिऱ्हाईक मिळता मिळत नाही, आणि सरकार तुमची जात मोजते हे सर्वांनाच रुचते असे नाही. आपल्याकडे असा कोटा आणावा असे सुचवायचे नाही. नव्या कोट्याने इथे काय होईल ते सांगायला नको. पण सोडत आणि क्रमवारी वाटप यांतून आपोआप जे साधते आहे ते रोख भाड्याच्या वाटेने निसटते, एवढे तरी धोरण आखणाऱ्यांच्या ध्यानात असावे.

कुराणातल्या ‘निसा’ या सूरतच्या 36 व्या आयतीत ज्यांच्याशी चांगले वागायचे त्यांची यादी येते. आईवडील, नातलग, अनाथ, गरीब, मग जवळचा शेजारी, परका शेजारी आणि त्यापुढे एक आणखी, बाजूला असलेला सोबती. भाष्यकारांनी त्याचा अर्थ लावताना प्रवासातला सहप्रवासी, घटकाभर शेजारी बसलेला माणूस असाही लावला आहे. तरावीहनंतर शिबिराच्या अंगणात हाफिजसाहेबांनी ही आयत समजावून सांगितली, तेव्हा पोरे हसत एकमेकांकडे बघत होती. सत्तावीस वर्षे ‘घटकाभर’ बसलेले शेजारी त्यांना रोज दिसतात.

गेल्या ऑगस्टमध्ये, 14 तारखेला, वरळीच्या बीडीडी चाळीतल्या 556 कुटुंबांना नव्या टॉवरमधल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. 160 चौरस फुटांतून 500 चौरस फुटांत. शिबिरात त्या दिवशी टीव्ही मोठ्या आवाजात लावलेले होते. कुणी हेव्याने पाहत होते, कुणी हिशेब करत होते. त्या चाळींची जमीन सरकारची, त्यामुळे मालक शोधायचा प्रश्न नव्हता. बांधणारी यंत्रणाही सरकारचीच. तरी पहिल्या घोषणांपासून पहिल्या चावीपर्यंत आठ वर्षांहून जास्त गेली. आणि आता तिथले लोक वेगळीच चिंता बोलून दाखवतात. लिफ्ट, पंप, सुरक्षारक्षक यांचा मासिक देखभाल खर्च पुढे कसा पेलायचा? चाळीत दार उघडे ठेवायची सवय, इथे दार आपोआप बंद होते. गरिबाला उंच घर दिले की काम संपले असे नसते. ते टिकवायला महिन्याला काय लागेल, हेही त्याच फायलीत लिहायला हवे.

खालांची फाईल बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात असते. तिच्यात सहा कागद आहेत आणि तीन लिप्या. जुन्या घरमालकाच्या मेहताजीने दिलेली भाडेपावती गुजरातीत, सासऱ्यांच्या नावाने. रेशनकार्ड मराठीत, नवऱ्याच्या नावाने. आधार इंग्रजीत, खालांच्या स्वतःच्या नावाने. पावतीवर ‘शेख’ नावाच्या शेवटी, रेशनकार्डावर सुरुवातीला, आधारवर तर गायबच, त्याजागी गावाचे नाव आडनाव म्हणून. गावाकडे तसेच लावतात. घरातल्यांना यात काहीच वावगे दिसत नाही, सगळ्यांना ठाऊक आहे की हा एकच माणूस, एकच कुटुंब. पात्रता तपासणाऱ्या टेबलावर मात्र हे तीन वेगळे लोक होतात.

यंदा सुनावणीची तारीख नेमकी बाराव्या रोजाला आली. मुलाला कामावरून सुट्टी मिळेना, तेव्हा ताई बरोबर गेल्या. ताईंची पावतीही गुजरातीतच आहे आणि शाळेत शिपाई म्हणून नोकरी केल्याने कचेरीची भाषा त्यांना येते. दोघी दहाला पोचल्या. टोकन 41. पंखा एक आणि बाकडी दोन. दुपारी ऊन चढल्यावर ताईंनी पिशवीतली पाण्याची बाटली काढली, खालांकडे पाहिले आणि पुन्हा आत ठेवली. ‘अहो ताई, प्या ना. रोजा माझा आहे,’ खाला म्हणाल्या. ताई म्हणाल्या, ‘असू दे, मलाही तहान नाही.’ ते खरे नव्हते.

टेबलावरचा मुलगा तरुण होता, उर्मट नव्हता. त्याने गुजराती पावती उलटसुलट पाहिली, सासरे आणि नवऱ्याचे मृत्यूचे दाखले पाहिले आणि विचारले, ‘तुमच्या मिस्टरांना भाऊ किती?’ दोन. एक मुंब्र्याला, एक खेड तालुक्यात गावी. ‘मग दोघांचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र लागेल, आजी. नाहीतर उद्या ते दावा करतील.’ त्याचे म्हणणे चूक नव्हते. अशा दाव्यांवर कितीतरी घरे अडून बसली आहेत. खालांनी डबा बंद केला. इतक्या वर्षांत हा कागद कुणी मागितला नव्हता.

मुंब्र्याच्या दिरांना रविवारी इफ्तारला बोलावले. गेली काही वर्षे येणेजाणे कमी झाले होते, कारण डोंगरीचे घर हेच. ते थोरले. पागडीत आपलेही पैसे होते असे त्यांचे म्हणणे, आणि ते खोटे नाही असे खाला स्वतःच सांगतात. अझानच्या आधी सगळे दस्तरखानाभोवती बसले. ताईंनी साबुदाण्याचे वडे पाठवले होते, कारण दिरांना लहानपणापासून ते आवडतात हे खालांनी कधीतरी बोलून दाखवले होते. प्रतिज्ञापत्राचा टाईप केलेला कागद कपाटावर घडी करून ठेवलेला. त्याबद्दल कुणी बोलेना. रोजा सुटला, मगरीब झाली, चहा आला. मग दिरांनीच चष्मा काढला आणि म्हणाले, ‘कुठंय तो कागद, भाभी?’

त्यांनी तो दोनदा वाचला. घरात कुणी श्वास घेत नव्हते. ‘सही करतो,’ ते म्हणाले, ‘पण यात अब्बांचं नाव चूक आहे. शेख आधी टाकलंय. पावतीवर मागे आहे. असा दिलात तर परत पाठवतील.’ आणि त्यांनी तो कागद घडी करून खालांच्या हातात दिला. नवा टाईप करून आणा, मुंब्र्यालाच या, तिथे नोटरी ओळखीचा आहे, असेही सांगितले. जाताना पोरांच्या हातावर ईदीचे पैसे आगाऊ ठेवले. तो होकार होता की आणखी एक तारीख, यावर खाला आणि त्यांचा मुलगा यांच्यात अजून एकमत नाही. मुलगा म्हणतो, काका बदलले. खाला म्हणतात, सही होईपर्यंत काही बोलू नको.

कचेरीने पुढची सुनावणी महिनाअखेरीस ठेवली आहे. गेल्या वर्षी गुढीपाडवा 30 मार्चला आणि ईद 31 मार्चला आली होती, मजल्यावर श्रीखंड आणि शीरखुर्मा यांची वाट्यावाटी चालली होती. यंदाही दोन्ही एकाच आठवड्यात आहेत, तारीख त्यानंतरची. ती विसरू नये म्हणून ताईंनी आपल्या घरातल्या कालनिर्णयावर लाल पेनाने गोल केला आणि बाजूला ‘खाला – कचेरी’ असे लिहिले. खालांच्या खोलीत कॅलेंडर लावायला खिळा नाही.